दोन ‘चक्र’ आणि मधली एकवीस वर्षे

‘आयएनएस चक्र’ या नावाच्या दोन अणुपाणबुड्या भारतीय नौदलात येऊन गेल्या. पहिली जानेवारी १९८८ मध्ये आपल्याकडे आली आणि जानेवारी १९९१ मध्ये परत गेली. दुसरी २०१२ मध्ये आली आणि २०२१ मध्ये परत गेली. पहिली सोव्हिएत संघाची, दुसरी रशियाची. दोन्ही भाडेपट्ट्याने घेतलेल्या आणि दोन्हींचा तळ विशाखापट्टणम. नाव एकच असल्यामुळे बोलण्यात, आणि कधी कधी छापण्यातही, त्यांची सरमिसळ होते. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या वर्गांच्या, दोन वेगळ्या पिढ्यांच्या आणि अगदी वेगळ्या स्वभावाच्या पाणबुड्या होत्या. त्यांची तुलना मांडावी, एवढ्याच हेतूने मी या विषयात शिरलो. वाचत गेलो तसे लक्षात आले की लांबी-रुंदी, वेग आणि शस्त्रे यांचा तक्ता केला की विषय संपत नाही. खरा इतिहास पहिली ‘चक्र’ गेल्यापासून दुसरी येईपर्यंतच्या एकवीस वर्षांत आहे.

मी राहतो मनमाडला. समुद्र इथून दोन-अडीचशे किलोमीटर दूर. उन्हाळ्यात ज्या गावात नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येते, त्या गावात बसून पाणबुड्यांवर लिहिणारा माणूस चेष्टेचा विषय होणारच. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही आणि अभियांत्रिकीचीही नाही. नोकरी सांभाळून, नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात आणि मिळतील तिथून मिळवलेल्या पुस्तकांत जे सापडले, ते ताडून पाहत आलो. त्यात व्हाइस ॲडमिरल गुलाब हिरानंदानी यांनी लिहिलेले नौदलाच्या इतिहासाचे खंड सर्वांत उपयोगी पडले.

आधी थोडे यंत्राविषयी

‘अणुपाणबुडी’ या शब्दाने मराठीत एक घोटाळा होतो. अण्वस्त्रे वाहणारी पाणबुडी आणि अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही ‘चक्र’ अणुशक्तीवर चालत होत्या, पण भारताला दिलेल्या पाणबुड्यांवर अण्वस्त्रे नव्हती.

अणुशक्तीवर चालते म्हणजे काय, हे मनमाडकराला समजावणे सोपे आहे. आमच्या स्टेशनात मीटरगेजच्या काचीगुडा लाइनवर कोळशाची इंजिने आमच्या पिढीने पाहिली आहेत. बॉयलरमध्ये पाणी, त्याची वाफ, वाफेने फिरणारे चाक. अणुपाणबुडी हे मुळात वाफेचेच इंजिन आहे, फक्त कोळशाच्या जागी अणुभट्टी. भट्टीतून फिरणारे पाणी प्रचंड दाबाखाली ठेवलेले असते, म्हणून ते तापूनही उकळत नाही. ते आपली उष्णता दुसऱ्या नळसंचातल्या पाण्याला देते. त्या दुसऱ्या पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाईन फिरते, टर्बाईनचा प्रचंड वेग गिअरबॉक्समधून कमी करून पंखा फिरवला जातो.

डिझेल पाणबुडीची अडचण हवेची. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून बुडी मारल्यावर ती बॅटरीवर चालते आणि बॅटरी उतरली की तिला पृष्ठभागाजवळ येऊन, नळी बाहेर काढून, इंजिन चालू करून बॅटरी भरावी लागते. शत्रूला ती सापडते बहुधा अशाच वेळी. अणुभट्टीला हवा लागत नाही. त्यामुळे माणसांचे अन्न आणि माणसांचा धीर संपेपर्यंत अणुपाणबुडी खाली राहू शकते, आणि तीही भरधाव वेगाने.

भारताला याचे महत्त्व १९७१ ने शिकवले. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हँगोर’ या डिझेल पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जण गेले. त्याच आठवड्यात अमेरिकेने ‘एंटरप्राइज’ ही आठ अणुभट्ट्यांची विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. एका पाणबुडीने काय होते हे एका प्रसंगात दिसले, आणि आपल्याकडे अणुपाणबुडी नसल्याने काय होते हे दुसऱ्या. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीचा विचार तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्याच्या आधीपासून चालू होता. १९७१ नंतर त्याला धार आली.

पहिली ‘चक्र’: पाकट

पहिल्या ‘चक्र’चे मूळ नाव के-४३. सोव्हिएत आरमारात ६७० क्रमांकाच्या प्रकल्पातली ही पहिलीच पाणबुडी. गोर्की शहरात बांधलेली आणि १९६७ साली सेवेत आलेली. म्हणजे आपल्याकडे आली तेव्हा ती वीस वर्षांची होती. पाश्चात्त्य देश या वर्गाला ‘चार्ली’ म्हणत. रशियन सांकेतिक नाव होते ‘स्कात’, म्हणजे आपल्या कोळ्यांच्या भाषेत पाकट मासा.

लांबी सुमारे ९४ मीटर, पाण्याखालचे वजन ५ हजार टनांच्या आसपास, सुमारे ९० मेगावॅट औष्णिक शक्तीची एकच भट्टी, एकच पंखा, वेग साधारण २४ ते २६ नॉट. काटेकोरपणे बोलायचे तर हा निव्वळ शिकारी पाणबुड्यांचा वर्ग नव्हे. तिचे मुख्य शस्त्र होते आठ ‘अमेतिस्त’ क्षेपणास्त्रे. पाण्याखालूनच डागता येणारे जहाजविरोधी क्रूझ क्षेपणास्त्र जगात पहिल्यांदा आले ते हेच. त्याआधीच्या सोव्हिएत पाणबुड्यांना क्षेपणास्त्र सोडण्यासाठी वर यावे लागे. पण ‘अमेतिस्त’चा पल्ला साठ-सत्तर किलोमीटरचा. म्हणजे विमानवाहू नौकेच्या ताफ्यावर हल्ला करायचा तर अगदी त्याच्या अंगणात जावे लागणार. आणि हा वर्ग आवाज करणारा होता. आवाज करत अंगणात जाणे, हा या पाणबुडीच्या रचनेतला मूळ विरोधाभास.

या वर्गाच्या सुरक्षिततेचा इतिहासही फारसा आश्वासक नव्हता. जून १९८३ मध्ये कामचाटकाजवळ के-४२९ ही तिची बहीण बुडाली आणि १६ जण दगावले. वर काढलेली तीच पाणबुडी १९८५ मध्ये धक्क्याला बांधलेली असताना पुन्हा बुडाली.

मग भारताने अशी जुनी, गोंगाटी पाणबुडी का घेतली? एक तर तोवर कोणत्याही देशाने दुसऱ्या देशाला अणुपाणबुडी भाड्याने दिलेली नव्हती. मिळत होती तीच अपूर्वाई होती. दुसरे, आपल्याला लढण्यापेक्षा शिकायचे होते. भारतीय तुकड्या आधी व्लादिवोस्तोकला गेल्या, रशियन भाषा शिकल्या, मग भट्टी शिकल्या. कॅप्टन रवी गणेश यांच्या हाताखाली ही पाणबुडी फेब्रुवारी १९८८ च्या आरंभी विशाखापट्टणमला पोहोचली आणि पंतप्रधान राजीव गांधी स्वतः तिच्यावर गेले. तीन वर्षांत ती सुमारे ७२ हजार सागरी मैल फिरली, ५ क्षेपणास्त्रे आणि ४२ टॉर्पेडो डागले गेले, असे रशियन नोंदी सांगतात. वीस वर्षांच्या यंत्राकडून करून घेतलेले हे काम थोडे नाही. भट्टी सुरू करणे, बंद करणे, किरणोत्साराची रोजची मोजमापे ठेवणे, धक्क्यावर त्यासाठी वेगळी व्यवस्था उभारणे, हे सगळे आपल्या माणसांनी हाताने केले. गणेश पुढे व्हाइस ॲडमिरल झाले आणि स्वदेशी अणुपाणबुडीच्या प्रकल्पाचे प्रमुखही.

दुसरी ‘चक्र’: सील

दुसरीचे मूळ नाव के-१५२ ‘नेर्पा’. नेर्पा म्हणजे सील हा प्राणी. वर्ग ‘अकुला’. इथे पुन्हा नावाचा गोंधळ आहे. ‘अकुला’ म्हणजे रशियन भाषेत शार्क, पण हे नाव पाश्चात्त्यांनी दिलेले. रशियन लोक ९७१ क्रमांकाच्या या प्रकल्पाला ‘श्चुका-ब’ म्हणतात आणि ‘अकुला’ हे नाव ते वेगळ्याच, राक्षसी आकाराच्या पाणबुड्यांना देतात. रशियन आणि इंग्रजी पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्याने इथे सावध राहावे.

लांबी ११० मीटर, पाण्याखालचे वजन १२ हजार टनांच्या पुढे, १९० मेगावॅटची भट्टी, वेग ३० नॉटच्या आसपास, कमाल खोली ६०० मीटर. वजनाच्या हिशेबाने पहिल्या ‘चक्र’सारख्या दोन तिच्यात मावतील. तरी चालवायला माणसे तिच्यावर कमी लागतात. पण खरा फरक शांततेचा. अकुला वर्गात टर्बाईन, गिअर, पंप हे सगळे मुख्य सांगाड्यापासून विलग केलेल्या, कंप शोषणाऱ्या बैठकींवर बसवलेले असते. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पिठाच्या गिरणीखाली रबर घालावे, तसेच हे तत्त्व. फक्त हजारो टनांच्या मोजमापात.

ही शांतता रशियाने चोरून मिळवली, अशी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. जपानच्या तोशिबा कंपनीने आणि नॉर्वेच्या काँग्सबर्गने निर्बंध मोडून सोव्हिएत संघाला पंखे कातणारी यंत्रे विकली आणि त्यामुळे अकुला शांत झाली, असे ते कथानक. १९८७ मध्ये त्यावरून अमेरिकेत मोठे वादळ उठले. पण तारखा पाहाव्यात. ती यंत्रे १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात पोहोचली. अकुला वर्गाच्या आराखड्याचे काम १९७० च्या दशकातच सुरू झाले होते आणि वर्गातली पहिली पाणबुडी १९८४ मध्ये सेवेत आली. यंत्रे विलग बैठकींवर बसवण्याचा निर्णय आराखड्यातला आहे. तो कातकामाच्या यंत्राने घेता येत नाही. अमेरिकी नौदलातल्या जॉन वॉकर या हेराकडून, आपल्या पाणबुड्या दुरून ऐकू येतात हे सोव्हिएत संघाला कळत होते, हे खरे. दुखणे कुठे आहे ते हेराने सांगितले असेल, चांगल्या यंत्राने पंखाही सुधारला असेल. औषध मात्र त्यांच्याच आराखडाकारांनी शोधले, असे माझे मत झाले आहे. आपल्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण शांतता विकत घेता येते असा समज आपल्याकडेही आहे.

नेर्पाची स्वतःची कहाणी दुःखाची आहे. १९९३ मध्ये तिची पायाभरणी झाली आणि सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरच्या कंगालीत ती अर्धवट पडून राहिली. पाण्यात उतरायला २००६ उजाडले. ८ नोव्हेंबर २००८ रोजी जपानच्या समुद्रात चाचणी चालू असताना आग विझवणारी वायूयंत्रणा अचानक सुरू झाली. तेव्हा आत २०८ माणसे होती, त्यातले बहुसंख्य गोदीचे नागरी कामगार. वीस जण गुदमरून मेले. पुढे दुरुस्त होऊन ती जानेवारी २०१२ मध्ये दहा वर्षांच्या कराराने भारताकडे आली आणि ४ एप्रिलला विशाखापट्टणममध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी तिला नौदलात दाखल केले. भाड्याचा आकडा वर्तमानपत्रांत ९० कोटी डॉलरांच्या आसपास छापून आला होता.

दोघींनी काय शिकवले

आता दोघींना शेजारी ठेवू. पहिलीने भट्टीसोबत राहायला शिकवले. दुसरीने शिकार करायला शिकवले. या दोन वेगळ्या विद्या आहेत.

आपली स्वदेशी ‘अरिहंत’ २६ जुलै २००९ रोजी पाण्यात उतरली, तिची भट्टी ऑगस्ट २०१३ मध्ये पेटली आणि २०१६ मध्ये ती सेवेत आली. तिचे वजन सुमारे ६ हजार टन आणि भट्टी ८३ मेगावॅटची. हे आकडे पाहिले तर ती दुसऱ्या ‘चक्र’पेक्षा पहिलीच्या कितीतरी जवळची वाटते. पण ‘अरिहंत’चे काम लपून राहण्याचे आहे. तिच्यावर बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे आहेत. ती कुणाच्या मागे जात नाही आणि कुणी मागे येऊ नये एवढीच काळजी घेते. शिकारी पाणबुडी नेमके उलटे करते. दिवसचे दिवस दुसऱ्याच्या मागावर राहणे, त्याच्या पंख्याच्या आवाजावरून तो कोण हे ओळखणे, त्याला कळू न देता अंतर राखणे, हे ‘अरिहंत’वर शिकता येत नाही. त्यासाठी ‘चक्र’ लागते, आणि ती २०२१ पासून आपल्याकडे नाही.

या कहाणीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि तो विशाखापट्टणमच्या नावाखाली झाकला जातो. भट्टीचे काम तुर्भ्याचे, डॉ. अनिल काकोडकर यांच्यासह भाभा केंद्रातल्या कितीतरी जणांची कारकीर्द त्यात गेली. गंमत अशी की मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोत मुंबईहून जमिनीखालच्या नळाने जे पेट्रोल-डिझेल येते, ते निघते माहूलहून. म्हणजे तुर्भ्याच्या अगदी शेजारून. ‘अरिहंत’चा गिअरबॉक्स आला इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरहून, जिथे एकेकाळी साखर कारखान्यांची यंत्रे घडत. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला होता. त्यांच्या नावाच्या गावातला गिअरबॉक्स ७० वर्षांच्या आत त्याच शहरात बांधल्या जाणाऱ्या पाणबुडीत बसला. पाणबुडीतला गिअरबॉक्स नुसता फिरून चालत नाही. त्याचे दाते इतके अचूक असावे लागतात की आवाज होता कामा नये.

खंड

पहिली ‘चक्र’ जानेवारी १९९१ मध्ये परत गेली. मुदतवाढ झाली नाही. त्याच वर्षाअखेर देणारा देशच उरला नाही. तिच्यावर शिकलेल्या अधिकाऱ्यांना आणि नौसैनिकांना पुढे एकवीस वर्षे समुद्रात चालवायला अणुपाणबुडी नव्हती. जमिनीवर काम चालू होते. कल्पक्कमला भट्टीचा नमुना उभा राहिला आणि तो २००६ मध्ये कार्यान्वित झाला. पण १९८८ मध्ये पंचविशीत असलेला तरुण २०१२ मध्ये पन्नाशीला आला होता. नौसैनिकाची नोकरी साधारण पंधरा-वीस वर्षांची. म्हणजे खालच्या फळीतल्या बहुतेकांनी दुसरी ‘चक्र’ आली तेव्हा गणवेश केव्हाच उतरवला होता.

हाच प्रकार मुंबईत आणखी स्पष्टपणे झाला. १९८१ च्या करारानुसार जर्मनीतल्या कील शहरातल्या एचडीडब्ल्यू कंपनीकडून दोन डिझेल पाणबुड्या तयार मिळायच्या आणि दोन माझगाव डॉकमध्ये बांधायच्या होत्या. आपली माणसे कीलला जाऊन शिकून आली. पाणबुडीच्या जाड पोलादी कवचाचे वेल्डिंग ही जपून करायची कला आहे. एक सांधा कच्चा राहिला तर खोल पाण्यात सगळे संपते. ‘शाल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलात आली. कमिशनच्या आरोपांच्या वादळात पुढच्या दोन मात्र राहून गेल्या. त्यानंतर माझगावातून पुढची पाणबुडी, ‘कलवरी’, सेवेत आली ती डिसेंबर २०१७ मध्ये. तेवीस वर्षे. कीलला शिकलेले हात तोवर निवृत्त झाले आणि नव्या पिढीला फ्रेंचांकडून पुन्हा श्रीगणेशा करावा लागला.

१९९१ ते २०१२ आणि १९९४ ते २०१७ हे दोन खंड एकमेकांवर ठेवले की एक गोष्ट दिसते. दोन्ही ठिकाणी पैसा खर्च झाला होता, यंत्र मिळाले होते, माणसे शिकली होती. तुटली ती साखळी. यंत्र परत करता येते किंवा भंगारात काढता येते. शिकलेल्या माणसाला मात्र त्याच कामावर ठेवावे लागते, नाहीतर त्याच्याबरोबर विद्याही निवृत्त होते.

आणि विद्या कागदावर उतरवायची तर गुप्ततेचा पहारा. ‘चक्र’ आल्यानंतर चारच महिन्यांत, मे १९८८ मध्ये, नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन बी. के. सुब्बाराव यांना मुंबईच्या विमानतळावर अटक झाली. अणुपाणबुडीच्या भट्टीवर त्यांनी काम केले होते, तिच्या आराखड्यावर टीका केली होती आणि आयआयटी मुंबईतून डॉक्टरेट मिळवली होती. गुपिते बाहेर नेत असल्याचा आरोप होता. वीस महिने ते तुरुंगात होते. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केले आणि सर्वोच्च न्यायालयातही तोच निकाल टिकला. अशा प्रसंगानंतर त्या पिढीतले किती जण आपल्या कामाविषयी मोकळेपणाने लिहायला धजावले असतील?

आज

मार्च २०१९ मध्ये तिसऱ्या ‘चक्र’साठी ३ अब्ज डॉलरांच्या पुढचा करार झाला; ती लांबत गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने दोन स्वदेशी शिकारी अणुपाणबुड्यांना मंजुरी दिली. पहिली २०३६-३७ च्या सुमारास अपेक्षित आहे, असे नौदलप्रमुख ॲडमिरल दिनेश त्रिपाठी यांनी त्याच डिसेंबरमध्ये सांगितले. या वेळचा खंड १९९१ च्या खंडासारखा नाही, हे मान्य केले पाहिजे. ‘अरिहंत’ आणि ‘अरिघात’ सेवेत आहेत, भट्टीवरची माणसे रोज काम करत आहेत. पहिल्या ‘चक्र’ची विद्या आता सुरक्षित आहे असे म्हणता येईल. दुसरीची नाही. २०१२ ते २०२१ मध्ये शिकार शिकलेले अधिकारी २०३६ पर्यंत कुठे असतील, याचे गणित आताच मांडायला हवे.

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने एक धोरण जाहीर केले: पंचवीस वर्षांहून जुनी कागदपत्रे तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायची. योगायोगाने दुसरी ‘चक्र’ परतीच्या वाटेवर होती ती त्याच महिन्यात. पहिल्या ‘चक्र’ची पंचवीस वर्षे २०१६ मध्येच भरली. भट्टीचे आकडे आणि क्षेपणास्त्रांचे तपशील खुशाल कुलुपात राहोत. पण प्रशिक्षणाचे अहवाल, रोजनिशा, कुणाला काय शिकायला किती दिवस लागले, कुठे अडले, याची कागदपत्रे बाहेर यायला काय हरकत आहे? कागद निघायला वेळ लागणार असेल तर माणसे आहेत. पहिल्या ‘चक्र’वरचा सर्वांत तरुण नौसैनिकही आज साठीच्या घरात असेल, आणि कीलहून शिकून आलेले माझगावचे वेल्डर सत्तरीच्या पुढे. त्यातले काही आपल्याच गावांत, आपल्याच शेजारी राहत असतील. सांगण्याजोगे असेल तेवढे त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवण्यासाठी सरकारी परवानगीपेक्षा एक वही आणि काही संध्याकाळी जास्त लागतात. मी माझ्या परीने जळगाव-नाशिककडच्या निवृत्त नौसैनिकांची यादी करायला घेतली आहे. मुंबई, कोकण आणि पुण्याकडच्या वाचकांपैकी कुणी तिकडे हेच काम हाती घेतले, तर ‘चक्र’चा इतिहास नुसत्या लांबी-रुंदीच्या तक्त्यावर थांबणार नाही.